वाचकांचे प्रश्न : टाळेबंदीत सुटलेला व्यायाम

प्रश्न : लॉकडाऊनपूर्वी मी आठवड्यातून चारदा पाच किलोमीटर पळत असे. मग ते सुटलं ते सुटलंच. आता पुन्हा सुरुवात केली, दमही टिकतोय, पण तिसऱ्या आठवड्यात टाच धरली. सकाळी पहिलं पाऊल टेकवत नाही. चुकलं कुठे?

उत्तर : दम टिकला, तिथेच फसगत झाली. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत पुन्हा सरावतात. स्नायूबंध आणि तळव्याखालचा जाड पडदा यांना भार पेलण्याइतकं बळकट व्हायला मात्र महिने लागतात. दमाच्या हिशेबाने अंतर वाढवलं की सगळा ताण टाचेवर येतो. सकाळी पहिल्या पावलांना जोरात येणारी आणि थोडं चालल्यावर ओसरणारी कळ ही बहुधा त्या पडद्याचीच असते.

सध्या पळणं थांबवा. सोसवेल तेवढं चालणं ठेवा. एक दिवसाआड हा व्यायाम करा. कठडा धरून पायरीच्या कडेवर चवडा टेकवा आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे बोटं वर वळतील. दुखऱ्या पायावर उभं राहून ३ सेकंदांत टाच वर न्या, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली आणा. असं १२ वेळा, ३ फेऱ्या. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्हींवर करा. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवा. पुष्कळ जण आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतात. याला तीन महिने द्यावे लागतात.

सकाळची कळ येणं थांबलं की १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, आठवड्यातून ३ दिवस करा. दुसऱ्या सकाळी टाच जास्त दुखली तर तो टप्पा ओलांडू नका. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग व्यायाम न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : टाळेबंदीपासून घरूनच काम करतो. रोज ४५ मिनिटं व्यायाम चुकवत नाही, तरी पोट सुटलंय.

उत्तर : व्यायाम राहिला, वावर गेला. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरच्या ३० दिवसांत जगभरच्या स्मार्टफोनच्या नोंदींमध्ये रोजची सरासरी पावलं सुमारे २७ टक्क्यांनी घटलेली दिसली. जाण्यायेण्यातली, जिन्यातली ही पावलं व्यायाम म्हणून कुणी धरतच नव्हतं. त्यामुळे ती गेल्याचं कळलंही नाही.

आठवडाभर फोन खिशात ठेवून पावलांची सरासरी काढा आणि दर आठवड्याला तीत ५०० ते १००० ची भर घाला. जेवणानंतर १० ते १५ मिनिटं चाला. चालते स्नायू रक्तातली साखर लगेच वापरू लागतात. दर अर्ध्या तासाने उठायचंच. गजर लावलात तर दोन दिवसांत तो बंद करायची सवय लागेल. त्यापेक्षा पाण्याची मोठी बाटली टेबलावरून हलवा आणि लहान पेला ठेवा. तो भरायला उठावंच लागतं.

प्रश्न : मोबाइलवर बघून घरी केलेला व्यायाम पुरतो का?

उत्तर : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि २ दिवस ताकदीचे व्यायाम होत असतील तर पुरतो. घरी बहुधा ओढण्याचे व्यायाम राहून जातात आणि खांदे पुढे झुकतात. रबरी पट्टा आणून ती उणीव भरून काढा.

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे. टाळेबंदीत तिचं फिरणं बंद झालं, ते अजून बंदच आहे. आता खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. वयच झालं म्हणायचं का?

उत्तर : सगळा दोष वयाला देऊ नका. खुर्ची भिंतीला टेकवा, आईंना हात छातीशी बांधायला सांगा आणि ३० सेकंदांत त्या किती वेळा उठतात ते मोजा. ७० ते ७४ वर्षांच्या स्त्रियांत १० पेक्षा कमी आकडा आला तर पायांची ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर मोजणी शून्य धरतात.

सुरुवातीला खुर्चीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. दिवसातून दोनदा ५-५ वेळा उठबस करायला सांगा. बसताना मनात ३ पर्यंत मोजायचं, धपकन बसायचं नाही. ताकद येते ती याच उतरण्यात. १० वेळा सहज जमलं की उशी काढा. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा गुडघा सुजला तर थांबवा. तुम्ही शेजारी उभे राहा, पण हात देऊन उठवू नका.