इशारा येतो, पण कुणापर्यंत?

प्रश्न : २०२१ च्या पुरात चिपळूणचं आमचं दुकान छतापर्यंत बुडालं. माझी लेक जर्मनीत असते. तिकडेही त्याच महिन्यात माणसं वाहून गेली. देशादेशांचे करार, सराव हे सगळं असूनही असं होत असेल, तर त्याचा उपयोग काय?
– एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, वाशिष्ठी २२ जुलैला चढली. त्याच्या आठच दिवस आधी, १४ जुलैच्या रात्री, जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. करार कमी पडला म्हणून नव्हे. २००२ च्या महापुरानंतर युरोपीय देशांनी मिळून पूर-अंदाजाची यंत्रणा उभारली आहे आणि तिने १० जुलैपासूनच ऱ्हाइन खोऱ्यासाठी इशारे दिले होते. कोणत्या ओढ्याला किती पाणी येईल हे इतक्या आधी कळत नाही, पण सावध व्हायला वेळ होता. तरी झिन्झिग गावात अपंगांच्या निवासात तळमजल्यावरचे १२ जण बुडाले.

मला बोचतं ते वेगळंच. सप्टेंबर २०२० मध्ये तिथे देशभर इशाऱ्याचा सराव झाला होता आणि ॲपवरचा संदेश अर्धा तास उशिरा पोचला होता. चूक समोर आली, पण दुरुस्तीसाठी २०२१ चा सरावच रद्द झाला आणि मध्येच पूर आला. मोबाइल टॉवरवरून थेट फोनवर येणाऱ्या इशाऱ्याची पहिली देशव्यापी चाचणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली.

मी पूरनियंत्रण कक्षात एकोणीस पावसाळे काढले. एका रंगीत तालमीत यादीतले अकरा नंबर मी स्वतः फिरवले. चारच लागले. त्यातला एक सुनेनं उचलला. म्हणाली, "मामंजी जाऊन दोन वर्षं झाली." गावाला सावध करायची जबाबदारी कागदावर अजून त्यांचीच होती! तालीम झाली नसती तर हे आम्हाला पुराच्या रात्री कळलं असतं. म्हणून सराव फसला तरी मला तो हवा असतो, फक्त त्यानंतर यादी त्याच आठवड्यात बदलली पाहिजे.

२०२३ मध्ये आपल्याकडेही फोनवर अशी चाचणी झाली. माझ्या शेजाऱ्यांनी दचकून तो इशारा सेटिंगमधून बंद केला. तुम्ही केला असेल तर आजच चालू करा. आणि तुमच्या आळीत रात्री तळमजल्यावर एकटं कोण झोपतं, त्यांचे नंबर मे महिन्यातच लिहून काढा. प्रत्येक नंबर एकदा लावून बघा.