उपचारांसाठी परळला महिनाभर फ्लॅट घेताय?

ताई, टाटा हॉस्पिटलसाठी येताय तर आधी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा. तिथं नाहीच जमलं तर फ्लॅट परळ, लालबाग, दादरमध्येच बघा. भाडं वाचवायला लांब गेलात तर केमोनंतर पेशंटला लोकलची गर्दी झेपत नाही.

पाण्याची वेळ नक्की विचारा. जुन्या इमारतींत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. आम्ही विचारलं नव्हतं. पहिल्याच रात्री आईच्या उलटीची चादर धुवायला बादलीभर पाणी नव्हतं. लिफ्टने स्वतः वर-खाली करून बघा. डिपॉझिट रोख देऊ नका. आणि घरात पेशंट आहे हे वॉचमनला सांगून ठेवा, रात्री-अपरात्री टॅक्सी बोलवायला तोच धावतो.