कॅन्ससमधील ॲबिलीन: फलकांवरून गाव कसे वाचावे?

आपण विचारले आहे की, अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील एखाद्या लहान गावात एकच दिवस हाताशी असेल, तर तेथील ऐतिहासिक फलक व स्मारके पाहून गावाचा भूतकाळ खरोखर कळतो का. माझ्या अनुभवाने कळतो; मात्र प्रत्येक दगडावर दोन तारखा शोधाव्या लागतात. एक तारीख घटनेची आणि दुसरी तो दगड बसवल्याची. कॅन्ससमध्ये राहत असताना ज्या गावी मी वारंवार गेलो, त्या ॲबिलीनच्या आधारे हे सांगतो.

टिमथी हर्सी याने 1857 मध्ये येथे ओढ्याकाठी वस्ती केली. गावाचे नाव त्याची पत्नी एलायझा हिने बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातून निवडले, असे सांगतात. त्याचा अर्थ 'मैदानातील नगर' असा लावला जातो. पहिली दहा वर्षे मात्र नगर म्हणावे असे येथे काही नव्हते. जोसेफ मकॉय हा गुरांचा व्यापारी 1867 मध्ये आला, तेव्हा त्याला डझनभर लाकडी खोपटांचे मरगळलेले खेडे दिसले. टेक्सासमध्ये चार डॉलरला मिळणारे लांब शिंगांचे जनावर उत्तरेकडील बाजारात चाळीस डॉलरपर्यंत जात असे. परंतु या जनावरांबरोबर येणाऱ्या गोचिडांच्या तापाने स्थानिक गुरे मरत, म्हणून मिसुरी आणि पूर्व कॅन्ससमधील शेतकरी हे कळप अडवीत. रेल्वे पोहोचलेली, गवत व पाणी मुबलक आणि शेतकरी विरळ, अशी जागा मकॉयला हवी होती. त्याने कोंडवाडे आणि 'ड्रोव्हर्स कॉटेज' नावाचे हॉटेल बांधले. 5 सप्टेंबर 1867 रोजी गुरांनी भरलेले वीस डबे शिकागोकडे रवाना झाले. टेक्सासहून गुरे हाकत येथे आणण्याचा मार्ग ज्याच्या नावाने 'चिझम मार्ग' म्हणून ओळखला जातो, तो जेसी चिझम मुळात मालाच्या गाड्या नेणारा व्यापारी होता आणि 1868 मध्येच वारला. मार्गांची नावे कशी पडतात, याचे हे एक मासलेवाईक उदाहरण आहे.

हा सारा गुराखी-काळ जेमतेम पाच हंगामांचा, 1867 ते 1871. आज पर्यटकांसाठी उभारलेल्या जुन्या गावाच्या प्रतिकृतीत पिस्तुलांच्या लुटुपुटीच्या चकमकी होतात, त्यामुळे गावाचे सारे आयुष्यच गोळीबारात गेले असावे असा समज होतो. या पाच वर्षांतील सर्वांत बोलका दगड, माझ्या मते, स्मशानभूमीत आहे.

तो टॉम स्मिथ याच्या थडग्यावरील मोठा ओबडधोबड पाषाण. 1870 मध्ये गावाचा पोलीसप्रमुख झालेल्या स्मिथने हद्दीत शस्त्र बाळगण्यास मनाई केली आणि ती बहुतांशी पिस्तुलाने नव्हे, तर मुठीने अमलात आणली. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला वॉरंट बजावण्यासाठी गावाबाहेरील एका झोपडीत गेला असता त्याला गोळी घालण्यात आली आणि कुऱ्हाडीने त्याची मान जवळजवळ तोडण्यात आली. पाषाणावरील धातूच्या पट्टीवर त्याला 'कर्तव्यासाठी हुतात्मा' म्हटले असून, गुराख्यांच्या बेबंदशाहीत कायद्याचे वर्चस्व स्थापणारा निर्भय वीर असा त्याचा गौरव केला आहे. आपल्याकडे गाई सोडवताना पडलेल्या वीराची वीरगळ गावाच्या वेशीवर उभी असते, तिची मला येथे आठवण झाली. फरक एवढाच की, येथील वीर गुरे आणणाऱ्यांना आवरताना कामी आला.

आता दुसरी तारीख पाहा. हा पाषाण 1904 मधील आहे. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ स्मिथ साध्या थडग्यात पडून होता आणि गव्हाने संपन्न झालेल्या गावाला नंतर त्याची आठवण झाली. त्याच्या जागी आलेला 'वाइल्ड बिल' हिकॉक अधिक प्रसिद्ध आहे. परंतु 5 ऑक्टोबर 1871 च्या रात्री फिल को या जुगाऱ्याशी झालेल्या चकमकीत धावत येणारा आपलाच सहकारी माइक विल्यम्स त्याच्या गोळीने ठार झाला आणि डिसेंबरमध्ये गावाने त्याला कामावरून दूर केले. गंभीर पाषाण कोणासाठी बसवावा, हे 1904 च्या गावकऱ्यांनी विचारपूर्वक ठरवले असावे, असे मला वाटते.

त्या वर्षी पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर याच गावात शाळेत होते. त्यांचे आजोबा 1878 मध्ये 'रिव्हर ब्रदरन' या पंथाच्या लोकांबरोबर पेनसिल्व्हेनियाहून येथे शेतीसाठी आले होते. आयझेनहॉवर स्मिथला आपला आदर्श मानत आणि मोठेपणी ते त्याच्या थडग्यापाशी गेलेही होते. त्यांचे बालपणीचे लहानसे घर रेल्वेरुळांच्या दक्षिणेस, तर औषधविक्रीतून श्रीमंत झालेल्या सीली यांचा 1905 मधील वाडा उत्तरेस आहे. ही दोन्ही स्थळे मोटारीने न जाता रूळ ओलांडून पायी पाहावीत; रुळांच्या दोन बाजूंमधील तफावत चालतानाच जाणवते. राष्ट्राध्यक्षांचे संग्रहालय, ग्रंथालय आणि समाधी हे सारे दक्षिणेच्या बाजूसच उभे राहिले. समाधीत त्यांच्या शेजारी तीन वर्षांचा असताना वारलेला त्यांचा पहिला मुलगा आहे. संग्रहालयाला बराच वेळ लागतो, म्हणून स्मशानभूमी सकाळीच उरकावी.

शेवटी ड्रोव्हर्स कॉटेजविषयी. फेब्रुवारी 1872 मध्ये टी. सी. हेन्री आणि इतर रहिवाशांनी टेक्सासच्या व्यापाऱ्यांना एक नम्र पत्रक पाठवले: या व्यापाराचे दुष्परिणाम आम्ही यापुढे सोसणार नाही, कृपया दुसरे ठिकाण शोधा. व्यापारी खरोखरच गेले. त्यांच्यामागोमाग हॉटेलचा एक भागही उखडून पश्चिमेकडील एल्सवर्थ गावी नेण्यात आला. हेन्रींनी त्यानंतर गव्हाच्या पेरणीत नाव काढले. त्यामुळे गावातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना दिसणारी गव्हाची शेतेही त्या पत्रकाचाच भाग म्हणून पाहावीत. त्यांच्यासाठी वेगळ्या फलकाची वाट पाहू नये.