लिनक्सला व्हायरस येत नाही म्हणून पोरीला अडवताय?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, सहामाहीला ६८ टक्के, लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून बसते आणि सायबर सिक्युरिटीच करणार म्हणते. ऑफिसातले एक जाणकार म्हणाले की व्हायरस फक्त विंडोजला येतात, पुढे सगळे मॅक-लिनक्सच वापरणार, मग या लाइनमध्ये काम उरणार कुठे? म्हणून यांनी लॅपटॉप फॉरमॅट करून आणला आणि पुढच्या वर्षीच्या रिपीटर बॅचची फीसुद्धा भरून टाकली.

अहो, ६८ टक्क्यांचं मला काहीच वाटलं नाही, पण बोर्डाची परीक्षा व्हायच्या आधीच रिपीटची फी भरलीत हे वाचून धस्स झालं. यंदा तुझ्याच्याने होणार नाही हे आम्ही धरूनच चाललोय, असंच सांगितलंत ना तिला? आणि फॉरमॅट मारायच्या आधी आत तिचं काय काय होतं ते विचारलंत का? स्वतः पार्टिशन पाडून लिनक्स चालवणारी, वायफाय चालेना म्हणून ड्रायव्हर शोधत बसणारी मुलगी टाइमपास करत नसते हो. तिला ओरडा, पण फिजिक्स बाजूला टाकलं म्हणून ओरडा.

आता व्हायरसचं. मालवेअर, म्हणजे व्हायरससारखे घातक प्रोग्राम, लिहिणारे बहुतेक जण धंदा करतात, एकदा लिहिलं की जास्तीत जास्त मशीनवर चाललं पाहिजे, आणि घरोघरी ऑफिसोऑफिसी विंडोज होतं म्हणून ते तिकडे गेले, बाकी कुठे जमत नाही म्हणून नव्हे. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने सहा लाखांच्या आसपास मॅक धरले, जावा नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या फटीतून. २०१६ चा मिराई तर लिनक्सवरच चालायचा, सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर शोधायचा, कारण त्यांच्या आत लिनक्स आणि पासवर्ड कंपनीने दिलेला तोच, कुणी बदललेलाच नाही. लिहिणारी कॉलेजच्या वयाची तीन अमेरिकन पोरं, सुरुवात माइनक्राफ्ट या गेमच्या सर्व्हरवाल्यांच्या भांडणातून. हल्ली रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारे, लिनक्ससाठी आणि ईएसएक्सआयसाठी (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळी व्हर्जन काढतात, एक ईएसएक्सआय सर्व्हर हाती लागला की त्यावरची सगळी व्हर्च्युअल मशीन एका दमात बंद पाडता येतात. म्हणजे उद्या सगळे लिनक्सवर गेले तर हे लोकही सामान बांधून तिकडेच येणार, तुमच्या मुलीचं काम कमी कसं होईल?

आणि अँड्रॉइडसुद्धा लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालतो बरं का. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलानच्या नावाने एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाइल, येते, टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, दिली की ओटीपी गेला. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड आणि त्यात प्ले स्टोअरबाहेरचं ॲप टाकता येतं, आयफोनवर ते इतकं सोपं नाही, म्हणून चोर इथे. त्या जाणकारांनाही सांगा.

सीईटी देऊन कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, नाहीतर बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, तिन्हीकडून सायबर सिक्युरिटीत पोचता येतं. 'एथिकल हॅकर व्हा' छाप महागडे कोर्स आत्ता नकोत, आधी नेटवर्किंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम पक्कं होऊ दे. रिपीटरची फी परत मिळते का बघा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, पाठवायच्या आधी तुम्ही वाचू नका.