इंडोनेशियन भाषेत 'निघतो', 'पळालो', 'टाळलं' हे कसं म्हणतात?

योग्याकार्ताला नवा होतो तेव्हा ऑफिसात एकदा ऐटीत सांगून टाकलं, "साया मनिंगाल जाम लिमा." म्हणायचं होतं, पाचला निघतो. सगळे क्षणभर गप्प, मग हसून बेजार. मी म्हणालो होतो, 'मी पाच वाजता मरतो.'

घोळ 'तिंगाल' या शब्दाचा. तिंगाल म्हणजे राहणं. त्याचं 'मनिंगाल' केलं की मरण, 'मनिंगालकान' केलं की एखादी जागा किंवा माणूस सोडून जाणं, आणि 'कतिंगालान' म्हणजे मागे राहून जाणं. मग ती घरी राहिलेली छत्री असो नाहीतर चुकलेली गाडी. निरोपाचा 'स्लामात तिंगाल' जाणाऱ्यानेच म्हणायचा, कारण अर्थच 'सुखाने राहा' असा आहे. राहणारा उत्तर देतो 'स्लामात जालान'. मी कितीतरी दिवस हे उलटं म्हणत होतो.

रोज घरी जाताना मात्र यातलं काहीच लागत नाही. 'पुलांग दुलु या' पुरतं. पुलांग म्हणजे घरी परतणं, दुलु म्हणजे 'आधी' किंवा 'तूर्तास'. वडीलधारी मंडळी असतील तर 'पामित दुलु', म्हणजे रजा मागून उठणं. आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो ना, ते काम तिथे हा दुलु करतो. नुसतं 'पुलांग' म्हणून उठलात तर तुटक वाटतं.

पळून जाण्याला 'काबुर'. (धूसर दिसण्यालाही काबुरच!) घरातून न सांगता पळून जाणं 'मिंगात', पण तो शब्द जपून वापरा, खरखरीत आहे. शाळेला दांडी मारणं 'बोलोस', कोर्टाने बोलावूनही न जाणं 'मांगकिर'. 'लोलोस' म्हणजे निसटणं, आणि चाळणीतून पार होणंही, त्यामुळे निवड झालेला उमेदवारही लोलोसच. माझा लाडका 'आंगकात काकी'. काकी म्हणजे पाय, आंगकात म्हणजे उचलणं. थोडक्यात आपला 'काढता पाय घेणं'. आईला फोनवर हे सांगितलं तर तिला आधी आमच्या काकूचीच काळजी वाटली.

टाळण्यासाठी मूळ शब्द 'हिंदार'. बाजूला सरलात तर 'मंहिंदार', ठरवून एखादी गोष्ट टाळलीत तर 'मंहिंदारी', आणि अपघातातून नशिबाने वाचलात तर 'तरहिंदार'. आरोप झटकायचा किंवा वार चुकवायचा असेल तर 'मंगलाक'.

2025च्या सुरुवातीला तिथल्या तरुणांमध्ये 'काबुर आजा दुलु' हा हॅशटॅग गाजला. नोकऱ्या आणि देशाच्या कारभाराला वैतागून परदेशी निघायची भाषा होती. अर्थ साधारण 'आधी पळू तर या'. पळून जाण्याच्या त्या घोषणेतही दुलु सुटलेला नाही.