हायसिंथचं सपर आणि आपलं हळदीकुंकू

चि. ईशास अनेक आशीर्वाद.

तुम्ही मैत्रिणी ‘कीपिंग अप अपिअरन्सेस’ पुन्हा पहिल्यापासून बघताय, आणि त्यावरून तू विचारलंस की त्यातल्या हायसिंथ बकेट या दिखाऊ गृहिणीच्या कँडललाइट सपरमध्ये, म्हणजे मेणबत्त्यांच्या उजेडातल्या रात्रीच्या जेवणात, आणि आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात फरक काय? दोन्हीकडे बोलावणी, ठेवणीतल्या वस्तू आणि घरच्या बाईंचा तोरा! प्रश्न खोचक आहे, आणि अर्धा खराही.

आधी मालिकेचं. रॉय क्लार्कने लिहिलेली ही ब्रिटिश विनोदी मालिका बीबीसीवर 1990 ते 1995 चालली, नाताळचे खास भाग धरून एकूण 44 भाग. दुसऱ्यांदा बघताना हायसिंथकडे कमी आणि तिच्यासमोरच्या माणसाकडे जास्त बघ. हायसिंथ झालेल्या पॅट्रिशिया रटलेजचा आवाज आणि टोप्या सगळं लक्ष खाऊन टाकतात, पण विनोद घडतो तो शेजारच्या एलिझाबेथच्या हातात. रॉयल डल्टन या नामांकित कंपनीची, हाताने पेरिविंकलची फुलं रंगवलेली कपबशी जपून धर असं हायसिंथ बजावते. त्या धसक्याने हात थरथरतो आणि कॉफी सांडते. पोस्टमन दारात चळचळा कापतो, व्हिकर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, तिला बघून लपायला जागा शोधतो, तेही याच धसक्याने. नवरा रिचर्ड फक्त ‘हो’ म्हणतो, पण त्या ‘हो’चे किती प्रकार आहेत ते मोजण्यासारखं आहे.

तिला खरी भीती वाटते ती माहेरच्यांची. बहिणी डेझी आणि रोझ, डेझीचा नवरा ऑन्स्लो, त्यांची फटाक्यासारखे बार काढणारी खटारा गाडी. पाहुण्यांसमोर ती गाडी आली की संपलं. उलट तिसरी बहीण व्हायोलेट: तिची मर्सिडीज, सॉना आणि घोडा ठेवण्याइतकी जागा हे सगळं फोनवर शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने घोळवायचं. गंमत म्हणजे बनियनवर बिअर पीत लोळणारा ऑन्स्लो टीव्हीवर ओपन युनिव्हर्सिटीची व्याख्यानं बघतो आणि भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचतो. अख्ख्या मालिकेत निवांत माणूस तोच. 1993 चा नाताळचा खास भाग मागे ठेव. हायसिंथ ‘क्वीन एलिझाबेथ टू’ या आलिशान जहाजावर मिरवायला जाते, आणि स्पर्धेत तिकिटं जिंकलेले डेझी-ऑन्स्लो तिथे आधीच मजेत असतात. आधीचे भाग बघितले नसतील तर तो भाग निम्मा वाया जातो.

आता सपर. टेबलाला खुर्च्या मोजक्या, वेळ ठरलेली, जागा नेमून दिलेल्या. एक माणूस आला नाही तर खुर्ची रिकामी दिसते. म्हणून हायसिंथला माणसं फोनवर, रस्त्यात, चर्चच्या दारात गाठून पकडावी लागतात, आणि माणसं पळतात.

हळदीकुंकवाची रचनाच वेगळी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी, साधारण चार ते आठ. खुर्च्या नेमलेल्या नाहीत, ताट वाढून ठेवलेलं नाही. आलेल्या बाईला आधी हळद, मग कुंकू, हाताच्या पाठीवर अत्तर, वर गुलाबपाणी शिंपडायचं, तिळगूळ द्यायचा, वाण द्यायचं. बाई दहा मिनिटांत पुढच्या घरी जायला मोकळी. एखादी आली नाही तर कुणाला कळतही नाही, त्यामुळे धाक बसायला जागाच कमी.

तोरा शिरतो तो वाणात. कुणी स्टीलची वाटी दिली की पुढच्या वर्षी दुसरी डबा देते, तिसरी काचेचा सेट, आणि ज्या घरात पैशाची चणचण असते तिथली बाई बोलावणंच टाळू लागते. हायसिंथ अशी घरोघर तयार होते. म्हणून वाण स्वस्त, रोज वापरात येणारं आणि सगळ्यांना एकच. मैत्रिणींना एक आणि साफसफाईला येणाऱ्या बाईंना दुसरं, असं कधीही नाही. वीस जणींना बोलावलंस तर पंचवीस वाणं आण, कारण कुणीतरी सासूला किंवा पाहुणीला घेऊन येतंच.

पण आपण फार फुशारकी मारू नये. हायसिंथची यादी निदान ती स्वतः करते. आपली यादी रूढीने केलेली असायची. विधवांना बोलावणं नाही, आणि जातीबाहेरच्या बायकांना बऱ्याच घरांत उंबऱ्याच्या आत जागा नाही. मालिकेतला अपमान फार तर कार्पेटवर कॉफी सांडण्याइतका. हा त्याहून कितीतरी जड होता, आणि काही घरांत आजही आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ग्रामसभेत ठराव केला, कुंकू पुसणं आणि बांगड्या फोडणं बंद. म्हणजे ठराव करावा लागावा इतकं ते चालू होतं. तेव्हा तू करशील तेव्हा ‘सवाष्ण’ हा निकषच काढून टाक. जिला कुंकू नको असेल तिला तिळगूळ आणि वाण दे, कारण विचारू नकोस.

तुझ्या भाड्याच्या घरात कार्पेट फिकट आहे. हळदीचा डाग त्यातून सहज जात नाही, पाणी घालून घासलास तर आणखी पसरतो. दाराजवळ जुनी चादर घाल, करंडा ताटात ठेव आणि हळद चिमटीतच घे. भाग बघायला बोलावणार असशील तर आधी हळदीकुंकू, मग टीव्ही. कॉफी मात्र जाड मगांत दे.

तुझी,
आई