प्रश्न तुमचे : अहवालातील आलेख आणि त्याखालची चर्चा

प्रश्न : मी साताऱ्यात भूगोल विषयाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. महाबळेश्वर आणि दहिवडी येथील २०१४ ते २०२३ या काळातील मासिक पावसाची तुलना हा माझा प्रकल्प आहे. दोन्ही ठिकाणांचे स्तंभ एकाच आलेखात काढले की दहिवडीचे स्तंभ जवळजवळ दिसतच नाहीत. शिवाय मार्गदर्शक सरांनी माझ्या चर्चेच्या प्रकरणावर ‘हे तक्त्याचे वाचन झाले, चर्चा कुठे आहे?’ असा शेरा मारला आहे. काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. आलेखाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, हे आधी ठरलेले नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतील दहिवडीला सुमारे ५०० मिलिमीटर. ही तफावत एका वाक्यात सांगून होते. तिच्यासाठी चोवीस स्तंभ उभे करण्याचे कारण नाही. पाऊस ‘किती’ पडतो यापेक्षा तो ‘केव्हा’ पडतो, हा प्रश्न तुमच्या आकडेवारीला विचारून पाहा.

त्यासाठी प्रत्येक महिन्याचा पाऊस हा त्या त्या ठिकाणच्या वार्षिक पावसाच्या किती टक्के आहे, ते काढा आणि टक्केवारीचा आलेख तयार करा. दोन्ही ठिकाणे आता एकाच अक्षावर सुखाने मावतील. महाबळेश्वरचे उंच स्तंभ जुलै-ऑगस्टमध्ये एकवटलेले दिसतील, तर दहिवडीच्या पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरकडे सरकलेला असेल. टक्केवारीत मूळ परिमाण झाकले जाते, म्हणून मिलिमीटरमधील आकड्यांचा तक्ता शेजारीच द्यावा.

खरी चर्चा येथून सुरू होते. ‘आलेखावरून असे दिसते की जुलैमध्ये महाबळेश्वरला सर्वाधिक पाऊस पडला’ हे वाक्य वाचकाच्या डोळ्यांना जे दिसते तेच पुन्हा सांगते. त्याऐवजी असे लिहिता येईल : नैर्ऋत्य मोसमी वारे जून ते ऑगस्ट या काळात आपले बाष्प सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिते करतात, त्यामुळे दहिवडी ज्या माण तालुक्यात आहे तेथपर्यंत पोहोचणारी हवा तुलनेने कोरडी असते, सप्टेंबरमध्ये या वाऱ्यांचा जोर ओसरू लागला की विजांच्या गडगडाटासह पडणाऱ्या स्थानिक पावसाला आणि बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांना पठारावर वाव मिळतो, आणि म्हणून दहिवडीचा कमाल स्तंभ उशिरा येतो. निरीक्षण, त्याचे संभाव्य कारण आणि ते कारण आपल्या आकड्यांना कितपत लागू पडते याचा विचार, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सरांना दुसरा शेरा मारावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, तरीही सांगणे आवश्यक वाटते. दहा वर्षांची सरासरी दुष्काळी मुलखात फसवी ठरते. २०१८ सारखे कोरडे वर्ष आणि एखादे ओले वर्ष एकत्र मिसळले की प्रत्यक्षात क्वचितच आढळणारे ‘सरासरी वर्ष’ तयार होते. दहिवडीच्या प्रत्येक स्तंभावर किमान आणि कमाल मूल्य दाखवणारी बारीक उभी रेघ काढा. ती रेघ स्तंभापेक्षाही लांब निघाली, तर चर्चेसाठी त्याहून चांगला मुद्दा तुम्हाला शोधूनही सापडणार नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा, अक्षांवर एकके लिहावीत, आकृतीचे शीर्षक खाली आणि तक्त्याचे वर द्यावे (विद्यापीठाचा वेगळा नियम असल्यास तो पाळावा) आणि मजकुरात ज्या आकृतीचा उल्लेखच नाही ती काढून टाकावी. एक्सेल आग्रहाने पुढे करते ते त्रिमितीय स्तंभ तर मुळीच नकोत. त्यांची उंची नेमकी कुठे मोजायची, हेच कळत नाही.

प्रश्न : सांगलीच्या आयर्विन पुलाजवळील कृष्णेच्या पाणीपातळीचा ऑगस्ट २०१९ चा आलेख मी काढला आहे. त्याचाही अक्ष शून्यापासूनच हवा का? आणि कोयना धरणाच्या विसर्गामुळे पूर आला, असा निष्कर्ष लिहिता येईल का?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : अक्ष शून्यापासून असण्याची येथे सक्ती नाही. स्तंभात आपण लांबी वाचतो, रेषेत चढउतार वाचतो. आलेख २० फुटांपासून सुरू केला तरी चालेल, मात्र तसे स्पष्ट नमूद करावे आणि ४५ फुटांच्या धोका पातळीची आडवी रेघ अवश्य काढावी. त्या पुरात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, याचा अर्थ त्या रेघेमुळेच वाचकाला उमगतो.

निष्कर्षाबाबत मात्र हात आखडता घ्या. विसर्ग आणि पातळी हे दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवल्यास ते सोबत चढताना दिसतील, परंतु त्याच दिवसांत साऱ्या खोऱ्यात अतिवृष्टी चालू होती. कोयना कऱ्हाडला कृष्णेस मिळते. तेथून सांगलीपर्यंतच्या क्षेत्रातील पाऊस, वरच्या बाजूच्या इतर धरणांचे पाणी आणि हरिपूरला मिळणाऱ्या वारणेचा फुगवटा हेही पातळी वाढवतात. शिवाय विसर्ग सांगलीला पोहोचण्यास वेळ लागतो, म्हणून एकाच तारखेचे आकडे जोडीने मांडणे योग्य नाही. ‘विसर्गवाढीनंतर पातळी वाढली, या वाढीतील विसर्गाचा नेमका वाटा प्रस्तुत आकडेवारीवरून ठरवता येत नाही’ एवढेच लिहावे.